क्यूआर कोड सगळ्यात शेवटी बनवा: मोबाइल मार्केटिंगसाठी कामाचा नेमका क्रम

बहुतेक ठिकाणी हे काम उलट्या क्रमाने होतं. पत्रक छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी कुणाला तरी आठवतं, की कोपऱ्यात एक क्यूआर कोडही टाकायला हवा. मग पहिल्या सापडलेल्या मोफत साइटवर वेबसाइटची लिंक चिकटवली जाते, आलेलं चित्र डिझाइनमध्ये उरलेल्या जागेत दाबून बसवलं जातं आणि एका फोनवर, तोही ऑफिसच्या वाय-फायवर, एकदा स्कॅन करून काम संपतं. महिनाभराने कुणी विचारलं, की किती जणांनी स्कॅन केला, तर उत्तर नसतं. कधी कधी तर कोडच मेलेला असतो.

कोड बनवायला एक मिनिट लागतं आणि ते मिनिट या कामात सगळ्यात शेवटी यायला हवं. लिंकची लांबी ठरल्याशिवाय कोड किती दाट होईल ते कळत नाही. दाटपणा कळल्याशिवाय आकार ठरत नाही आणि आकार ठरल्याशिवाय डिझाइनमध्ये किती जागा राखायची ते सांगता येत नाही. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, एखादा मागेपुढे केला तर पुढचं काम पुन्हा करावं लागतं.

## सुरुवातीलाच हाताशी असाव्यात अशा गोष्टी

- स्वतःच्या मालकीचं डोमेन, शक्यतो लहान नावाचं, आणि त्याच्या नूतनीकरणाची तारीख
- त्या डोमेनवर रीडायरेक्ट (एका पत्त्यावर आलेल्याला आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवणारी सोय) लावता येईल असा प्रवेश, किंवा तो लावून देणारा माणूस
- कोड कुठे कुठे लागणार त्याची यादी: जागा, वस्तू, माणूस किती अंतरावर उभा असेल, उजेड कसा असेल, नेटवर्क मिळतं का
- एसव्हीजी, ईपीएस किंवा पीडीएफ फाइल देणारं क्यूआर जनरेटर
- चाचणीसाठी निदान चार फोन. त्यातला एक जुना आणि स्वस्त हवाच, कारण अडचण त्याच्यावर दिसते, नव्या महागड्या फोनवर नाही.

यादीतली तिसरी गोष्ट लोक हमखास टाळतात, आणि पुढचे निम्मे निर्णय तिच्यावरच अवलंबून असतात.

## टप्पा 1: स्कॅन केल्यावर माणसाला काय मिळणार ते एका वाक्यात लिहा

कोडच्या शेजारी छापायचं वाक्य आधी लिहा. "अधिक माहितीसाठी स्कॅन करा" हे चालणार नाही, त्यात फोन खिशातून काढण्याजोगं काही नाही. "मापाचा तक्ता पाहा", "जोडणीचा दोन मिनिटांचा व्हिडिओ", "आजची उरलेली तिकिटं", "वॉरंटी नोंदवा, तीनच प्रश्न" अशी वाक्यं चालतात, कारण पुढे काय दिसणार ते त्यांत आधीच सांगितलेलं असतं.

असं वाक्य सुचत नसेल तर त्या जागी कोड नको. नुसत्या मुख्यपृष्ठावर नेणारा कोड म्हणजे माणसाला दारात आणून सोडून देणं.

काही ठिकाणी कोडची गरजच नसते. ईमेल, मेसेज किंवा मोबाइलवरच वाचल्या जाणाऱ्या पोस्टमध्ये साधी लिंक किंवा बटण द्या. ज्या फोनवर चित्र दिसतंय त्याच फोनने ते स्कॅन करायचं म्हणजे अनेकदा आधी स्क्रीनशॉट काढा, मग तो गॅलरीत उघडा, असा खटाटोप करावा लागतो. चालत्या वाहनातून दिसणारे फलक, वाहनांच्या पाठीमागची जाहिरात, नेटवर्क न पोहोचणारी तळघरं, लिफ्टच्या आतल्या भिंती या जागाही यादीतून काढा.

## टप्पा 2: लँडिंग पान तयार करा आणि ते फोनवरच तपासा

कोड स्कॅन करणारा माणूस उभा असतो, एका हातात काहीतरी असतं आणि बहुतेक वेळा तो मोबाइल डेटावर असतो. स्कॅननंतर उघडणारं हे लँडिंग पान त्या अवस्थेसाठी बनवा.

छापलेल्या वाक्यातलं वचन पहिल्याच स्क्रीनवर पुरं व्हायला हवं. "मापाचा तक्ता" म्हटलं असेल तर तक्ता वर, कंपनीची ओळख खाली. पानाचं एकूण वजन 1 एमबीच्या आत ठेवायचा प्रयत्न करा. मोठं पीडीएफ उघडायला लावू नका: फोनच्या पडद्यावर ते बोटांनी ओढत वाचावं लागतं, आणि काही फोनवर ते उघडण्याऐवजी डाउनलोड होऊन कुठेतरी हरवतं.

फॉर्म असेल तर तीन रकान्यांवर जाऊ नका. रकान्यातल्या अक्षरांचा आकार 16 पिक्सेलपेक्षा कमी ठेवला तर आयफोनवर रकान्यात बोट लावताच पान आपोआप मोठं होतं आणि माणूस गोंधळतो. फोन नंबरच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असा प्रकार द्या. पान उघडताक्षणी लोकेशन किंवा नोटिफिकेशनची परवानगी मागू नका, ओळख होण्याआधीच नकार मिळतो.

काही स्कॅनर अ‍ॅप लिंक स्वतःच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतात. तिथे माणूस आधीच लॉगिन असेल असं धरून चालू नका, कारण नेहमीच्या ब्राउझरमधलं लॉगिन तिथे नसतं. लॉगिनशिवाय काहीच दिसत नसेल तर ते पान या कामाचं नाही.

तपासणी: वाय-फाय बंद करा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत पान उघडा. ऑफिसबाहेरच्या, तुमच्या खात्याशी संबंध नसलेल्या एखाद्याच्या फोनवरही उघडून बघा. क्लाउडवरच्या फाइलची लिंक दिली आणि ती पाहायची परवानगी फक्त ऑफिसपुरती होती, हा या क्षेत्रातला बारमाही अपघात आहे. बनवणाऱ्याच्या फोनवर सगळं उघडतं आणि बाकी सगळ्यांना "परवानगी मागा" असं दिसतं. त्याच्याही वरताण म्हणजे संपादनाची लिंक छापली जाणं.

## टप्पा 3: कोडमध्ये जाणारी लिंक ठरवा

सगळ्यात जास्त चुका याच टप्प्यावर होतात, आणि छापून झाल्यावर दुरुस्त करता येत नाहीत त्याही याच.

### थेट लिंक नको, मधे रीडायरेक्ट हवा

पानाचा पूर्ण पत्ता कोडमध्ये भरला की तो कोड स्थिर होतो. पान हललं, वेबसाइट बदलली, जाहिरातीतला मजकूर फिरवायचा ठरला, तरी छापील कोड जुन्याच पत्त्यावर नेणार. म्हणून कोडमध्ये स्वतःच्या डोमेनवरची छोटी वाट भरा, डोमेन आणि पुढे दोन-तीन अक्षरं. ती वाट खऱ्या पानाकडे वळवा. बाजारात याच व्यवस्थेला डायनॅमिक क्यूआर म्हणतात. कोडचं चित्र कधीच बदलत नाही, बदलते ती त्यामागची वाट.

रीडायरेक्ट 302 किंवा 307 प्रकारचा, म्हणजे तात्पुरता, लावा, 301 नको. 301 म्हणजे "कायमचं स्थलांतर". ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी तुमच्या सर्व्हरला न विचारता जुन्या ठिकाणी जातो. तुम्ही वाट बदललेली असते, पण एकदा स्कॅन केलेल्या माणसाला ते कळतच नाही, आणि त्याचं स्कॅनही मोजलं जात नाही. वाट एकाच उडीत मुक्कामी पोहोचायला हवी. छोटी लिंक, तिच्यापुढे दुसरी छोटी लिंक, मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावणारी तिसरी उडी, अशा साखळीत मोबाइल डेटावर दर उडीला वेळ जातो.

सावधान: तयार डायनॅमिक सेवा वापरत असाल तर वर्गणी थांबल्यावर कोडचं काय होतं ते छापण्याआधी अटींमध्ये वाचा. बऱ्याच सेवांत चाचणी-कालावधी संपला की कोड बंद पडतो आणि माणसाला सेवेची स्वतःची जाहिरात दिसते. "मोफत" बनवलेले कोड दोन आठवड्यांनी मरतात ते याच कारणाने. सेवा घ्यायचीच असेल तर आपलं डोमेन जोडू देणारी घ्या. उद्या सेवा बदलली तरी छापील कोड आपल्याच हातात राहतो.

### लिंक लहान का हवी

कोडमधल्या एकेका काळ्या किंवा पांढऱ्या चौकोनाला मॉड्यूल म्हणतात. क्यूआर कोडच्या 40 आवृत्त्या आहेत. आवृत्ती 1 मध्ये एका बाजूला 21 मॉड्यूल असतात आणि पुढच्या प्रत्येक आवृत्तीला बाजूमागे 4 वाढतात. आवृत्ती 40 मध्ये ते 177 होतात. मजकूर वाढला की जनरेटर गुपचूप मोठी आवृत्ती निवडतो. कागदावरची जागा तेवढीच राहते, म्हणून मॉड्यूल बारीक होतात.

आकड्यांत बघा. मध्यम दुरुस्ती-पातळीवर (ही पातळी म्हणजे काय ते टप्पा 4 मध्ये) 24 अक्षरांची लिंक 25 × 25 मॉड्यूलमध्ये बसते. मोहिमेचे सगळे टॅग (भेट कुठून आली ते सांगणाऱ्या, लिंकच्या शेवटी जोडायच्या खुणा) जोडलेली 118 अक्षरांची लिंक त्याच पातळीवर 45 × 45 होते. कोडभोवतीच्या कोऱ्या कडेसकट अडीच सेंटिमीटरची जागा दिली तर पहिल्या कोडचा मॉड्यूल पाऊण मिलिमीटरचा पडतो, दुसऱ्याचा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा कमी. स्वस्त फोन, मंद उजेड आणि थरथरता हात एकत्र आले की हा फरक जाणवतो.

म्हणून हे टॅग (त्यांना यूटीएम टॅग म्हणतात) कोडमध्ये भरू नका. ते रीडायरेक्टच्या मुक्कामाला, म्हणजे वळवून नेणाऱ्या लांब पत्त्याला जोडा. काम तेच होतं आणि कोड सुटसुटीत राहतो.

मराठी अक्षरं असलेल्या पत्त्यांबद्दल वेगळी सूचना. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षर साठवायच्या पद्धतीत 3 बाइट घेतं आणि लिंकमध्ये टक्क्याच्या खुणांनी लिहिलं की त्याची 9 अक्षरं होतात. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात. "छत्री" हा दोन अक्षरी वाटणारा शब्द 5 चिन्हांचा आहे, म्हणजे लिंकमध्ये 45 अक्षरं. पानाचं शीर्षक खुशाल मराठीत ठेवा. कोडमधली वाट मात्र रोमन अक्षरांची आणि आकड्यांचीच ठेवा.

### मोठ्या अक्षरांची युक्ती

क्यूआर कोडमध्ये आकडे, रोमन मोठी अक्षरं, रिकामी जागा आणि आठ चिन्हं अशा 45 चिन्हांसाठी वेगळी, आटोपशीर साठवण आहे. त्या आठ चिन्हांत टिंब (.), तिरकी रेघ (/), कोलन (:) आणि आडवी रेघ (-) येतात. अख्खी लिंक मोठ्या अक्षरांत लिहिली तर ही साठवण लागू होते. मग 25 × 25 मॉड्यूलमध्ये मध्यम पातळीवर 26 ऐवजी 38 अक्षरं बसतात. डोमेनच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नसतो, पण तिरक्या रेघेनंतरच्या भागात तो असू शकतो. तेव्हा सर्व्हर दोन्ही रूपं स्वीकारतो ना, ते आधी बघा. प्रश्नचिन्ह, बरोबरचं चिन्ह आणि अंडरस्कोर या 45 मध्ये नाहीत. त्यांतलं एकही लिंकमध्ये आलं की बहुतेक जनरेटर सगळा मजकूर साध्या साठवणीत टाकतात आणि फायदा जातो.

### प्रत्येक जागेला वेगळी वाट

पत्रक, दारावरचं पोस्टर, खोक्याचं झाकण, पावतीचा तळ या प्रत्येकासाठी वेगळी छोटी वाट आणि म्हणून वेगळा कोड. सगळ्या वाटा एकाच पानावर गेल्या तरी चालेल. एकच कोड सगळीकडे छापला तर कोणती जागा उपयोगी पडली ते नंतर कुठल्याही हुशारीने काढता येत नाही.

एका तक्त्यात नोंद ठेवा: वाट, जागा, मुक्कामाचं पान, छपाईची तारीख, किती प्रती. टॅगची नावं एकाच पद्धतीने, सगळी लहान अक्षरांत लिहा. विश्लेषणाची साधनं लहान आणि मोठ्या अक्षरांना वेगळं मानतात, मग एकाच पोस्टरच्या भेटी दोन नावांखाली विखुरतात. टॅगच नसतील तर या भेटी "डायरेक्ट" रकान्यात जाऊन बसतात, जिथून त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

## टप्पा 4: दुरुस्ती-पातळी निवडा

कोडचा काही भाग मळला, फाटला किंवा झाकला गेला तरी तो वाचता यावा म्हणून त्यात जादा माहिती भरलेली असते. पातळ्या चार: एल (सुमारे 7 टक्के), एम (15), क्यू (25) आणि एच (30).

एच सगळ्यात सुरक्षित, म्हणून सगळीकडे एच, असा समज आहे. तो चुकीचा आहे, कारण जादा माहितीलाही जागा लागते. मघाची 118 अक्षरांची लिंक एम पातळीवर 45 × 45 होती, एच लावली की 57 × 57 होते. मॉड्यूल इतके बारीक होतात, की घाण न लागताच कोड वाचता येत नाही. 24 अक्षरांची लिंक मात्र एचवरही 29 × 29 मध्येच बसते. लहान लिंकचा हा आणखी एक फायदा.

घरात किंवा ऑफिसात हाताळायच्या कागदाला एम पुरते. उन्हापावसात राहणाऱ्या, हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंना क्यू. मधे लोगो बसवायचा असेल तरच एच.

लोगोबद्दल थोडं सविस्तर, कारण तो हवाच असा आग्रह बहुतेक ठिकाणी असतो. 30 टक्के म्हणजे कोडचा 30 टक्के भाग खुशाल झाका, असं नाही. लोगोने ती सगळी सवलत खाल्ली तर ओरखड्यासाठी, डागासाठी, चकाकीसाठी काहीच उरत नाही. लोगोची बाजू कोडच्या बाजूच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा मोठी नको. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन आणि त्यांना लागून असलेल्या ओळींना हात लावू नका. कोड कुठे आहे आणि कोणत्या पातळीचा आहे हे कॅमेऱ्याला तिथूनच कळतं. आवृत्ती 2 ते 6 मध्ये जुळणीचा छोटा चौकोन एकच असतो, उजव्या खालच्या कोपऱ्याजवळ. आवृत्ती 7 मध्ये तसा एक अगदी मध्यावर येतो आणि लोगो नेमका त्याच्यावर बसतो. थोडक्यात, लोगो लावायचा तर कोड लहान आवृत्तीचाच हवा.

## टप्पा 5: आकार काढा

आता आवृत्ती कळली आहे, म्हणून आकाराचं गणित करता येतं.

सर्वत्र सांगितला जाणारा नियम असा: स्कॅनच्या अंतराच्या दहाव्या हिश्श्याएवढी कोडची बाजू. 30 सेंटिमीटरवरून स्कॅन करायचा तर 3 सेंटिमीटर, 2 मीटरवरून तर 20. विरळ कोडसाठी तो बरोबर आहे, दाट कोडला तो फसवतो. त्यापेक्षा मॉड्यूलवरून हिशोब करा:

1. अंतर मिलिमीटरमध्ये घ्या आणि 250 ने भागा. हा एका मॉड्यूलचा आकार.
2. त्याला बाजूच्या मॉड्यूलच्या संख्येने गुणा. ही कोडची बाजू.
3. कोऱ्या कडेसाठी दोन्हीकडे चार-चार, म्हणजे आणखी 8 मॉड्यूल मिळवा. ही डिझाइनमध्ये राखायची जागा.

2 मीटरवरचं पोस्टर: 2000 भागिले 250 म्हणजे 8 मिलिमीटर. 25 मॉड्यूलचा कोड 20 सेंटिमीटरचा होतो. 57 मॉड्यूलचा केला असता तर सुमारे 46 सेंटिमीटर. लांब लिंकने पोस्टरवरची किती जागा खाल्ली असती ते डिझाइनरला याच आकड्यांत सांगा, लगेच पटतं. नवे फोन याहून लहान कोडही वाचतात. पण हिशोब जुन्या फोनसाठी करायचा असतो.

हातात धरायच्या कागदावर गणिताने काहीही येवो, मॉड्यूल 0.4 मिलिमीटरच्या खाली आणि कोड 2 सेंटिमीटरच्या खाली नेऊ नका.

सावधान: चार मॉड्यूलची कोरी कड ही सजावटीची मोकळी जागा नाही, कोडचाच भाग आहे. तिच्यात मजकूर, चौकट, फोटोची कड किंवा पानाची कापण्याची रेघ आली की कॅमेऱ्याला कोड कुठे सुरू होतो ते कळत नाही. डिझाइनर कड कापतात ती चांगल्या हेतूने, "मोठा दिसावा" म्हणून. फाइल देतानाच कडेसकट द्या आणि एका गटात बांधून द्या.

## टप्पा 6: कोड बनवा आणि छपाईला द्या

एक मिनिटाचं काम इथे आलं. लिंक भरा, पातळी निवडा, एसव्हीजी किंवा पीडीएफ उतरवा. जेपीईजी नको. त्याच्या दाबण्याने मॉड्यूलच्या कडा धुरकट होतात. पीएनजीच घ्यावी लागली तर प्रत्यक्ष छपाईच्या आकाराला 300 डीपीआय किंवा त्याहून जास्त घ्या, आणि नंतर ताणून मोठी करू नका.

रंग. गडद कोड, फिकी पार्श्वभूमी. उलट, म्हणजे काळ्यावर पांढरा कोड काही स्कॅनर वाचतच नाहीत. रंगीत कोड हवा असेल तर चित्र करड्या छटांत बदलून बघा. तिथेही कोड ठळक गडद दिसला तरच पुढे जा. पिवळा, नारिंगी, फिका हिरवा, चंदेरी, सोनेरी हे रंग कोडसाठी बाद. काळ्याच कोडला फक्त काळी शाई द्या, चारही शाया मिसळून केलेला काळा नको. चार छाप केसभर सरकले तरी बारीक मॉड्यूलच्या कडांना रंगीत सावली येते.

पृष्ठभाग. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याचा गोळा नेमका कोडवर चमकतो, मॅट घ्या. खरखरीत पुठ्ठा, कापड आणि जाड कागद यांवर शाई पसरते आणि पांढरे मॉड्यूल आत दाबले जातात. तिथे आकार निदान दीडपट करा. पारदर्शक काचेवर कोडमागे पांढरा थर छापा, नाहीतर मागचं दृश्य पार्श्वभूमी होऊन बसतं. बाटली किंवा डब्यावर कोडची रुंदी घेराच्या सहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा, म्हणजे समोरून सगळा एकदम दिसतो. घडी, शिवण, सुरकुती आणि स्टेपलची जागा टाळा, हे सांगायला नको, पण पत्रकाची घडी कुठे पडते ते डिझाइन करताना कुणी बघत नाही.

पडद्यावरचा कोड. सादरीकरणात किंवा व्हिडिओत कोड निदान 15 सेकंद स्थिर ठेवा. फोन काढून कॅमेरा उघडण्यातच पहिली काही सेकंदं जातात. हलता, फिरता, हळूच उमटणारा कोड नको.

कोडशेजारी टप्पा 1 मधलं वाक्य आणि खाली तीच छोटी लिंक अक्षरांत छापा. कॅमेरा बिघडलेल्याला ती टाइप करता येते. स्कॅन केल्यावर फोन दाखवतो तो पत्ता छापील पत्त्याशी जुळतो का, हेही सावध माणसाला ताडून पाहता येतं.

## टप्पा 7: चाचणी, खऱ्या प्रूफवर (छपाईआधीच्या नमुन्यावर)

लॅपटॉपच्या पडद्यावर स्कॅन झाला म्हणजे चाचणी झाली असं नाही. पडदा स्वतः उजळलेला असतो, कागद नसतो. छापखान्याकडून खऱ्या कागदावरचं, खऱ्या आकाराचं प्रूफ मागवा आणि जागेवर नेऊन बघा.

1. चारही फोनवर, प्रत्येकी दहा वेळा. साधारण दोन सेकंदांत लिंक दिसायला हवी.
2. ठरलेल्या अंतरावरून, त्याच्या निम्म्यावरून आणि थोडं लांबून.
3. समोरून, मग दोन्ही बाजूंनी अंदाजे 45 अंशांतून.
4. दिवसाच्या आणि रात्रीच्या उजेडात. जवळच्या दिव्याची चकाकी पडते का ते खास बघा.
5. मोबाइल डेटावर पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा.
6. उघडलेलं पान त्याच जागेचं आहे ना, ते तक्त्याशी ताडा. पोस्टरवर पत्रकाचा कोड लागणं ही चूक नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही, सगळे कोड सारखेच दिसतात.

एखाद्या फोनवर अडखळला तर क्रमाने हे बघा: कड कापली आहे का, चकाकी आहे का, रंग फिका आहे का, मॉड्यूल बारीक आहेत का. पहिल्या तिघांचा दोष नसेल तर आकार वाढवा किंवा लिंक लहान करा. पातळी वाढवणं हा इथला इलाज नव्हे, त्याने मॉड्यूल आणखी बारीक होतात.

तपासणी: छपाईला जाणाऱ्या अंतिम पीडीएफमधून पुन्हा एकदा स्कॅन करा. शेवटच्या फेरफारात कोडचं चित्र तिरपं होणं, एकाच बाजूने ताणलं जाणं किंवा जुनं राहून जाणं, हे सगळं घडतं.

## टप्पा 8: लावणं आणि मोजणं

उभ्या पृष्ठभागावर कोड जमिनीपासून 1 ते 1.5 मीटर उंचीवर असावा. समोर उभं राहायला जागा हवी. ये-जा अडेल अशा अरुंद वाटेत कुणी थांबत नाही.

पहिल्या आठवड्यात दोन आकडे शेजारी ठेवा: रीडायरेक्टवर नोंदलेली स्कॅन आणि पानाच्या विश्लेषणात दिसलेल्या भेटी. पहिला आकडा पान उघडण्याआधी मोजला जातो, दुसरा उघडल्यावर, म्हणून थोडा फरक राहणारच. लिंक मेसेजमधून पुढे पाठवली गेली तर तिची झलक दाखवण्यासाठी ती आपोआप उघडणारे प्रोग्रामही (बॉट) पहिला आकडा फुगवतात. पण स्कॅन 100 आणि भेटी 60 असं चित्र दिसलं तर आधी पानाचं वजन तपासा, लोक वाट बघून परत फिरले असण्याचीच शक्यता जास्त.

स्कॅन भरपूर आणि पुढची कृती शून्य, तर दोष छापील वाक्य आणि पान यांच्या विसंगतीत शोधा. स्कॅनच नसतील तर आधी जागेवर जाऊन बघा. पोस्टरसमोर काहीतरी ठेवलेलं आढळणं अजिबात दुर्मिळ नाही. पानात बदल करायचा तर तो रीडायरेक्ट वळवून करा, आणि बदलाची तारीख तक्त्यात लिहा. नाहीतर आकडे का उसळले ते पुढच्या महिन्यात कुणाला आठवत नाही.

सार्वजनिक जागेतल्या कोडवर ठरावीक दिवसांनी बोट फिरवून बघा. मूळ कोडवर दुसऱ्याच कोडचा स्टिकर चिकटवून लोकांना बनावट पानावर नेण्याची फसवणूक होते, आणि ती लांबून दिसत नाही. पैसे किंवा पासवर्ड मागणाऱ्या पानाकडे नेणारा कोड असेल तर ही फेरी रोजची ठेवा.

## टप्पा 9: मोहीम संपल्यावर

छापलेला कागद मोहिमेच्या तारखा पाळत नाही. खोकी माळ्यावर राहतात, पत्रकं पुस्तकात खुणेला जातात आणि वर्षभराने कुणीतरी स्कॅन करतं. मुदत संपली की पान काढून टाकू नका. "ही योजना संपली, सध्या हे उपलब्ध आहे" असं सांगणाऱ्या पानाकडे वाट वळवा. एकदा वापरलेली वाट नव्या मोहिमेला पुन्हा देऊ नका, जुन्या आणि नव्या स्कॅनची सरमिसळ होते. पुढची दोन अक्षरं घ्या, ती फुकट आहेत.

डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा आणि त्याची सूचना एकापेक्षा जास्त माणसांना जाईल असं बघा. डोमेन सुटलं तर ते कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तुमच्या नावाने छापलेले सगळे कोड त्या क्षणापासून त्याच्या पानावर नेतात.